जांभळा म्हणजे जिवंत

आमच्या प्रयोगशाळेत मला माळीणबाई म्हणतात. गेली बावीस वर्षं मी काचेच्या बाटल्यांत सूक्ष्मशैवाल वाढवते, त्याला खतपाणी घालते, उजेड दाखवते, हवेचे बुडबुडे सोडते, त्यामुळे नाव काही चुकीचं नाही. पण कुणी 'शेवाळं' म्हटलं की माझं डोकं फिरतं. शेवाळं न्हाणीघरात असतं आणि त्याच्यावरून माणसं घसरतात. माझं शैवाल इतकं बारीक की एक पेशी म्हणजे एक अख्खा जीव. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, दिसतो तो पाण्याला आलेला हिरवा रंग.

ह्या जिवाची एक खोड आहे आणि आमच्या मॅडमचं सगळं संशोधन तिच्यावर उभं आहे. खाऊनपिऊन सुखी असला की तो हिरवा असतो. त्याचं खाणं तोडा, वर कडक उजेड सोडा, की दहा-बारा दिवसांत विटकरी लाल होतो. हा लाल रंग तो स्वतःला वाचवायला तयार करतो. कडक उजेडाने पेशीच्या आत ऑक्सिजन पिसाळतो आणि दिसेल त्याला ओरबाडत सुटतो. लाल रंग मध्ये पडून त्याला शांत करतो. मॅडम ह्या पिसाळण्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात आणि लाल रंगाला अँटिऑक्सिडंट. मी आपलं सरळ गंज म्हणते. लोखंडाला चढतो तसा पेशीला चढणारा गंज, आणि माझी लाल पूड म्हणजे त्यावरचा रंगाचा हात. मॅडमना ही भाषा आवडत नाही, पण पाहुणे आले की त्याही हेच सांगतात.

माझ्या खोलीला लागून पेशींची खोली आहे. तिथे एक चष्मेवाली पोरगी चार वर्षं पीएच.डी. करतेय. ती माणसाच्या पेशी वाढवते. त्यांना ती 'पोरं' म्हणते. "पोरं उपाशी आहेत, जेवायला घालून येते," असं म्हणून जेवण अर्धवट टाकून उठते. त्या पेशी ती एका छोट्या ताटलीत घालते. ताटलीला शहाण्णव खळगे. काही खळग्यांत माझी लाल पूड, काहींत नाही, आणि मग सगळ्यांवर पेरॉक्साइड, म्हणजे बाटलीतून आणलेला गंजच. दुसऱ्या दिवशी वर एक पिवळा रंग घालायचा. पेशी मेलेल्या असल्या तर तो पिवळाच राहतो, जिवंत असल्या तर जांभळा होतो. ती धावत माझ्याकडे ताटली घेऊन येते आणि माझ्या दिव्यासमोर धरते. नुसत्या पेरॉक्साइडच्या रांगा फिकट पिवळ्या, माझ्या पुडीच्या रांगा जांभळ्या. जांभळा म्हणजे जिवंत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हे मी कबूल करते. इतकी वर्षं बाटल्या धुतल्याचं सार्थक झालं असं वाटलं.

ह्यात माझ्या ताईचा काही संबंध नव्हता. तो मी जोडला.

ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. शिवणकाम करते. जुने कपडे उसवून नवे बेतण्यात आणि फाटलेलं असं रफू करण्यात की धन्याला स्वतःला सापडू नये, ह्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. आई गेली तेव्हा मी आठ वर्षांची होते, मग मला तिनेच वाढवलं. मागच्या हिवाळ्यात तिच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ काढली. डॉक्टर म्हणाले, आता पंचवीस सिटिंग किरणोपचार, म्हणजे चुकूनमाकून राहिलेली एखादी पेशीसुद्धा जळून जाईल.

ताईने सरळ सांगितलं, "मी जाणार नाही."

कारण आईलाही किरणच दिले होते. तेव्हाची यंत्रं वेगळी होती, पण ताईला ते कोण पटवणार? एकोणीस वर्षांची असताना तिने आईच्या भाजलेल्या छातीवरची पट्टी रोज सकाळ-संध्याकाळ बदलली होती. कातडी पट्टीबरोबर निघून यायची. भावोजींनी समजावलं, डॉक्टरांनी समजावलं, पण ताई हलेना. मग मी पुढे झाले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मला लहानपणी ताईनेच शिकवली होती.

मी तिच्या स्वयंपाकघरात एक सफरचंद कापलं. एका फोडीला लिंबू चोळलं, दुसरी तशीच ठेवली. चहा होईपर्यंत दुसरी फोड काळपटली. लिंबाची पांढरी होती.

"यंत्र तुझ्या पेशींना असा गंज चढवणार," मी म्हणाले. "आणि माझी पूड म्हणजे लिंबू. मी रोज ताटलीत बघते ताई. पूड असली की पेशी वाचतात."

ताईने दोन्ही फोडी उचलून खिडकीशी नेऊन पाहिल्या. कापडाचा पोत बघते तशा. मग म्हणाली, "तू स्वतः बघितलंयस?"

"ह्या डोळ्यांनी."

"मग जाते."

भावोजी खूश झाले. "घरात शास्त्रज्ञबाई असल्यावर डॉक्टर हवेत कशाला," म्हणाले. मलाही ते ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पूड मी प्रयोगशाळेतून आणत असे. वाळवणी यंत्राच्या तळाला चिकटलेली, जी एरवी धुण्यात जाते ती. चोरीच म्हणा. मी तेव्हा म्हणत नव्हते. बर्फावर खल ठेवून मी ती घोटायची, कारण त्या लाल पेशीचं कवच फार जाड असतं, ते फोडल्याशिवाय रंग बाहेर येत नाही. हा रंग तेलातच विरघळतो, म्हणून चमचाभर तेलात चिमूटभर पूड. ताई रोज सकाळी, रुग्णालयात निघण्याआधी, तो चमचा घ्यायची आणि लाल जीभ काढून दाखवायची. साठीची बाई, पण जीभ काढली की शाळकरी पोरगी दिसायची.

पहिल्या दिवशी रुग्णालयात एक फॉर्म भरायला दिला. त्यात प्रश्न होता, बाहेरचं काही औषध, पूरक गोळ्या, काढे वगैरे घेता का? ताईचा चष्मा घरी राहिला होता, म्हणून फॉर्म मी भरत होते. तिने माझ्याकडे पाहिलं. मी 'नाही' वर खूण केली. पूड काही औषध नव्हे, असं मी मनाशी म्हटलं. शैवाल म्हणजे एक प्रकारची पालेभाजीच की.

सोळा सिटिंग झाल्या. ताईच्या कातडीला जेमतेम गुलाबी झाक आली. यंत्र चालवणारी मुलगीसुद्धा म्हणाली, "तुमची स्किन फार छान राहिलीय हो." ताईने बाहेर येऊन मला ते सांगितलं आणि माझा हात दाबला. तो दिवसभर मी जमिनीवर नव्हते.

सतराव्या सिटिंगच्या आदल्या दिवशी चष्मेवाली तापाने घरी होती. मॅडमनी माझ्यापुढे एक जुनी वही टाकली. द्रव नायट्रोजनच्या टाकीत कुठल्या पेशी गोठवून ठेवल्या आहेत त्याची ती वही, शाई उडालेली. "माळीणबाई, तुमचं अक्षर चांगलं आहे, नवीन वहीत उतरवून काढा." मी बसले. पहिला रकाना नावाचा, म्हणजे चार-पाच अक्षरं आणि आकडे, तेच जे ताटलीच्या झाकणावर असायचे. दुसरा रकाना मूळचा. पहिल्या ओळीत लिहिलं होतं, यकृताची गाठ. ते उतरवलं. दुसऱ्या ओळीत, फुप्फुसाची गाठ. तेही उतरवलं. तिसऱ्या ओळीतलं नाव माझ्या ओळखीचं होतं, कारण माझी पूड चार वर्षं त्याच ताटल्यांत जात होती. पुढे लिहिलं होतं, स्तनाची गाठ, स्त्री, वय एकसष्ट.

मी ती ओळ उतरवली नाही. पेन खाली ठेवलं आणि हात धुऊन आले. का धुतले माहीत नाही.

चार वर्षं त्या पोरीने ज्यांना पोरं म्हणून जेवायला घातलं, ज्या वाचल्या म्हणून माझे डोळे भरून आले, त्या गाठीच्या पेशी होत्या. मी कधी विचारलंच नव्हतं. पेशी म्हणजे पेशी, असं मी धरून चालले होते. माझं काम पलीकडच्या खोलीत, माझं लक्ष माझ्या बाटल्यांत.

मी मॅडमकडे गेले. "मॅडम, आपण गाठीच्या पेशी वापरतो?"

"सगळेच वापरतात," त्या पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या. "साध्या पेशी काचेत फार दिवस टिकत नाहीत हो. ह्या मरत नाहीत, म्हणून तर सोयीच्या. का?"

"म्हणजे आपली पूड ह्यांनाही वाचवते."

"ह्यांनाच वाचवते, असं आपण दाखवलंय. पूड काय पेशीला तू चांगली की वाईट असं विचारून आत जाते?"

मग मी विचारलं, की एखादी बाई किरणोपचार घेत असेल आणि पूड खात असेल तर? आमची एक शेजारीण आहे, असं वर जोडलं. मॅडमनी खुर्ची वळवली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागच्या दारातून दिसणाऱ्या वाळवणी यंत्राकडे पाहिलं. बाई मूर्ख नाही.

"किरण पेशीत तोच गंज चढवतात," त्या हळू म्हणाल्या. "त्यानेच गाठ मरते, बऱ्याच अंशी. पूड खाल्ल्याने माणसात किती फरक पडतो हे पक्कं कुणालाच माहीत नाही. पडतही नसेल. पण तुमच्या शेजारणीला सांगा, आज बंद कर. आणि डॉक्टरांना सांग."

घरी जाताना मी बसमध्ये दोन थांबे पुढे गेले. ताईची कातडी छान राहिली होती. कातडी राहिली, तर आत आणखी काय काय छान राहिलं असेल? हा एकच विचार, दाढ दुखताना जीभ तिथेच जावी तसा, परत परत. पूड तर बंद करायचीच होती. पण पूड बंद म्हटलं तर ताई उरलेल्या नऊ सिटिंगना जाणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. ती यंत्राच्या भरवशावर जात नव्हती, माझ्या भरवशावर जात होती. इकडे आड तिकडे विहीर. आणि आड मीच खणलेला.

तेव्हा मी ते केलं जे बावीस वर्षांत एकदाही केलं नव्हतं. खोटा नमुना तयार केला. रात्रभर मंद तव्यावर गाजर किसून वाळवलं, बीट वाळवलं. बीट तेलात रंग सोडत नाही, गाजर सोडतं, म्हणून दोन्ही. घोटून, चाळून, त्याच बाटलीत भरलं. ताईला नऊ दिवस गाजर खाऊ घालायचं आणि तोंड मिटून बसायचं असं ठरवलं. उगाच तिला घोर कशाला, असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला तिचं तोंड बघायचं धाडस नव्हतं.

सकाळी मी चमचा पुढे केला. ताईने तो घेतला, तोंडाशी नेला, आणि थांबली. उठून खिडकीशी गेली. चमचा उजेडात तिरका केला.

"छोटे, हा लाल तो नाही."

"तोच आहे. नवीन घाणा आहे, थोडा फरक पडतो."

"ह्यात पिवळा जास्त आहे. आणि खाली गुलाबी बसलंय." तिने मागे वळून पाहिलं. "तीस वर्षं लोकांच्या कापडाला दोरा जुळवतेय मी. मला रंग शिकवू नकोस. काय आहे हे?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. वही, गाठीच्या पेशी, मॅडम, गाजर, फॉर्मवरची खूण. उभ्या उभ्याच सांगितलं, कारण ताई 'बस' म्हणाली नव्हती. भावोजी बुटाची नाडी बांधत होते, ते तसेच वाकलेले राहिले.

ताईने चमचा मोरीत ओतला, घासला, पुसून जागेवर ठेवला. मग म्हणाली, "लिंबू काय फोडीची चांगली बाजू बघून लागतं? सगळीकडेच लागणार. हे तुला तेव्हा नाही सुचलं?"

"नाही."

"मला सुचायला हवं होतं. पण मी म्हटलं, ही त्यातली आहे."

मला रडू आलं. ताईने मला लहानपणी रडताना कधी एकटं सोडलं नव्हतं. त्या दिवशी सोडलं. आत जाऊन कपडे बदलले, पिशवी घेतली आणि दाराशी येऊन म्हणाली, "चल. डॉक्टरांना तू सांगायचं. मी नाही."

मी सांगितलं. डॉक्टरांनी फायलीतून तो फॉर्म काढला, माझी खूण पाहिली, आणि फॉर्म परत आत ठेवला. ते रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, नुकसान झालंच असेल असं नाही, झालंच नसेल असंही नाही. मोजायला काही साधन नाही. सोळा परत देता येत नाहीत. उरलेल्या नऊ पूर्ण करू, तीन महिन्यांनी तपासू, मग सहा महिन्यांनी, मग दर वर्षी. ताईने विचारलं, "आणि तोपर्यंत?" डॉक्टर म्हणाले, "तोपर्यंत वाट बघायची." मग त्यांनी विचारलं, की तुम्ही पुढे येणार ना?

ताई उठली. "आलेच आहे तर आजचं उरकूनच जाते," म्हणाली, आणि किरण देतात त्या जाड दाराच्या खोलीत गेली.

त्या नऊ दिवसांत ती माझ्याशी कामापुरतं बोलली. पिशवी धर, पाणी दे, बस आली. भावोजींनी एकदा हसवायचा प्रयत्न केला, ताईने नुसतं पाहिल्यावर त्यांनी वर्तमानपत्र उघडलं. एकविसाव्या सिटिंगनंतर तिची कातडी लाल झाली, चोविसावीला काखेशी सोलली. मलम लावायला तिने मला बोलावलं. मी कापूस धरला. आईचा चेहरा मला धड आठवत नसला तरी त्या पट्ट्या आठवत होत्या.

ताई आरशात बघत होती. "आईचं असंच सुरू झालं होतं," म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "भाजतंय म्हणजे लागतंय. बरं झालं." जिला भिऊन ती घराबाहेर पडायला तयार नव्हती, त्या जखमेकडे ती आता आशेने बघत होती. हे मी तिच्यावर आणलं होतं. मी मलमाचं झाकण लावलं.

पंचविसावी झाली. बाहेर येऊन तिने स्वेटर घातला आणि म्हणाली, "तुझ्या कामावर घेऊन चल."

"आज? आत्ता?"

"मला बघायचंय, कोण वाचलं ते."

प्रयोगशाळेत चष्मेवाली होती. तिला काहीच माहीत नव्हतं. माझी बहीण बघायला आलीय म्हटल्यावर तिला हर्ष झाला. तिने नेमकी त्या दिवशीची ताटली आणली, दिव्यासमोर धरली आणि सगळं समजावून सांगितलं. ह्या मेलेल्या, ह्या जिवंत, ही सगळी माळीणबाईंच्या पुडीची कमाल. ताई ऐकत होती. मग म्हणाली, "माझ्या हातात देतेस का जरा?"

तिने ताटली दोन बोटांत धरून उजेडात तिरकी केली. रांगेवरून रांगेवर तिची नजर सरकत गेली.

"ह्या कुणाच्या?" तिने विचारलं.

"एका बाईच्या," मी म्हणाले.

"कशी आहे ती?"

चष्मेवाली हसली. "अहो, ती केव्हाच गेली. खूप वर्षं झाली. पेशी तेवढ्या चालू आहेत."

ताईने मान हलवली. एका रांगेवर बोट ठेवलं. "ही सगळ्यात गडद आहे. बाकीच्यांपेक्षा एक छटा जास्त."

चष्मेवालीने झाकणावरचा आकडा पाहिला आणि तिचे डोळे मोठे झाले. "बरोबर. ह्यात पूड सगळ्यात जास्त आहे. यंत्राशिवाय कसं ओळखलंत?"

ताईने ताटली दोन्ही हातांनी, एक थेंब न हलू देता, माझ्या हातात दिली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिने माझ्याकडे सरळ पाहिलं.

"तुझी पूड चांगली आहे गं, छोटे," ती म्हणाली. "खोटं नव्हतीस सांगत."

मग तिने पिशवी माझ्याकडे दिली आणि विचारलं, की परतीची बस किती वाजता आहे.